आठ दिवसांची झोप

माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे असं मी सगळ्या गल्लीला सांगितलं. तिचं कसलंही ऑपरेशन नव्हतं.

एखादा शहाणा माणूस एवढं बोलून गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण माझा धंदा पडला लाऊडस्पीकरचा. नव्वदीच्या त्या वर्षांत कोल्हार आणि आसपासच्या गावांत लग्न असो, सप्ताह असो नाहीतर निवडणूक असो, मंडप माझा, मशीन माझं आणि बडबडही माझीच. "हॅलो, चेक" एवढं बोलून माईक खाली ठेवणारी माणसं असतात. मी त्यातला नव्हे. मी त्यानंतर वधूवरांना आशीर्वाद द्यायचो, पंगत बसल्याचं जाहीर करायचो, व्याह्यांच्या शेतीचं कौतुक करायचो आणि एकदा तर नवरीचं नाव चुकवून भलत्याच मुलीचं लग्न लावायला निघालो होतो. तर सांगायचं एवढंच की, छोटी गोष्ट छोटी ठेवायची कला माझ्याजवळ नव्हती.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या अंगातले स्नायू हळूहळू दुबळे होत चालले होते. चालणं लहानपणीच गेलं, मग बसणं गेलं, मग हात उचलणं. नगरच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की यावर औषध नाही, पोर मोठी होईल अशी आशा धरू नका, आहे तोवर हसती ठेवा. हसती ठेवायला आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. तिला घरात हसायला मी होतो. हातपाय गेले तरी आजाराला तिची जीभ काही सापडली नव्हती, आणि त्या जिभेचा निम्मा वापर माझ्यावर व्हायचा.

आवाज मात्र बारीक झाला होता. तिनं खाटेवरून हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू जायची नाही, म्हणून बायको दिवसभर तिच्या उशाशी बसून राहायची. यावर मी माझी अक्कल चालवली. तिच्या तोंडापाशी एक माईक बांधला, स्वयंपाकघरात स्पीकरची एक पेटी ठेवली आणि मधे लग्नाचं मशीन जोडलं. आता लग्नाच्या मशीनला हळू बोलायचं माहीत नसतं. पहिल्याच दिवशी पोरगी म्हणाली, "आई, पाणी," आणि रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी थांबवून इकडंतिकडं बघायला लागला.

मी आवाज कमी केला. तरी भिंतीला भिंत असलेल्या काकूंच्या घरात, समोरच्या शिंप्याच्या दुकानात आणि कोपऱ्यावरच्या पारापर्यंत तो पोचायचाच. माझ्या धंद्यात ज्याला कमी आवाज म्हणतात तो एवढाच असतो. गल्लीला सवय झाली. "आई, माशी" ऐकलं की शिंपी दुकानातून ओरडायचा, "आगं, वहिनी, माशी बसली!"

रात्रीही तो माईक चालू असायचा. तिला स्वतःला कूस बदलता यायची नाही. एका अंगावर फार वेळ राहिलं की दुखायचं, मग ती हाक मारायची, "आई, कूस." बायको उठायची, तिला हलकेच वळवायची, पाठीला उशी लावायची, पायांमधे घडी घातलेली गोधडी सारायची. थोडा वेळ गेला की पुन्हा, "आई, कूस." आणि मी? मी शेजारीच घोरत असायचो. गिरणीवाल्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, तसा मला स्पीकरचा येत नव्हता. निदान मी तसं सांगायचो.

अशी कितीतरी वर्षं गेली. बायकोला झोप नावाची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी मिळायची. एकदा ती तव्यासमोर बसल्या-बसल्या झोपली, भाकरीचा कोळसा झाला आणि माईकवरून पोरगी सांगत होती, "आई, जळतंय. पप्पा, जळतंय. कुणीतरी बघा की, जळतंय." शेवटी काकू धावत आल्या.

नगरला डॉक्टरांकडं गेलो तेव्हाही तेच. बाहेरच्या बाकावर बायको एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. त्या बाईचा नंबर आला, तरी ती बिचारी हलेना. डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांनी ते पाहिलं, आणि आम्हाला आत घेतल्यावर म्हणाले, "मुलीसाठी माझ्याकडं औषध नाही. पण मुलीच्या आईसाठी आहे. हिला आठ दिवस झोपवा."

"पण पोरीकडं कोण बघणार?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सिस्टरांच्या घराचा पत्ता दिला.

नगरच्या बाहेरच्या अंगाला, कडुनिंबांच्या मागं, जुना मिशनचा बंगला होता. तिथं काही सिस्टर राहायच्या आणि मोजक्या खाटा टाकून बऱ्या न होणाऱ्या मुलांना थोडे थोडे दिवस सांभाळायच्या. बरं करण्यासाठी नाही, तसं त्या पहिल्याच वाक्याला सांगून टाकायच्या. घरच्यांना दम खाता यावा म्हणून. मोठ्या सिस्टर शेवगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मला वाटलं होतं त्या पुस्तकी मराठी बोलतील. त्यांनी बायकोकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं बया, तूच आधी आडवी हो. पोरीचं मग बघू."

बायको आडवी झाली नाही. तिनं दिवसभर थांबून सिस्टरांना सगळं दाखवलं. भात किती मऊ करायचा, पाणी चमच्यानं कसं आणि मान किती वर धरून द्यायचं, कूस बदलताना आधी खांदा की आधी कंबर. सिस्टरांनी प्रत्येक गोष्ट तिच्यासमोर स्वतः करून दाखवली, आणि बायको "हं" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा केली. मीही मधे मधे सूचना देत होतो. त्यातल्या दोन सूचना चुकीच्या निघाल्यावर पोरगी म्हणाली, "सिस्टर, त्यांचं ऐकू नका. ते फक्त माईक लावतात."

निघताना बायकोचा पाय निघेना. तिचं माहेर मिरजगावला. सासूबाईंनी तिथं मागची खोली झाडून, पडदा लावून ठेवली होती आणि घरातल्या सगळ्यांना तंबी दिली होती की माझी लेक झोपायला येतीय, कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही. तरी ही दारात उभीच. मला म्हणाली, "ती जेवली न्हाई, रडली, काही झालं, तर मला निरोप धाडायचा. मी निघून येईन. आन काही झालं न्हाई तर..." तिचे डोळे तेवढ्यातही मिटत होते. "काही झालं न्हाई तर मला कुणी उठवू नका."

एवढंच तिनं मागितलं होतं. आठ दिवसांची सलग झोप. लग्नात शालू मागितला नव्हता, नंतर कधी पाटल्या मागितल्या नव्हत्या. ती झोप तिला मिळू द्यायची, एवढं एकच काम माझ्याकडं होतं. काहीही न करता पार पडणारं काम.

बायकोला मिरजगावच्या गाडीत बसवून मी टेम्पो घेऊन कोल्हारला आलो. गल्लीत शिरलो तोच काकू ओट्यावर. "आरं, एकटाच? पोरगी कुठंय? तिची आई कुठंय?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण माझ्या डोक्यात सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. आजारी पोर मिशनमधे टाकली. बाप मंडप लावत फिरतो, आई माहेरी निजती. बाटवतील पोरीला. मला हे सगळं कर्ण्यातून ऐकू यायला लागलं, आणि तोंडातून निघून गेलं, "नगरला ठेवलीय. ऑपरेशन हाय तिचं."

"आगं माय! कशाचं?"

"पाठीचं," मी म्हणालो. तिथं थांबायचं. पण माईक हातात नसतानाही माझी सवय जाते कुठं? "मणक्याचं. मुंबईचा डॉक्टर येणार हाय. तवर तिची आई माहेरी गेलीय."

संध्याकाळी दाढी करायला गेलो, तर न्हाव्यानं मला सांगितलं की ऑपरेशन सहा तास चालणार आहे. मला हे माहीत नव्हतं. शिंप्याला कळलं होतं की डॉक्टर विमानानं येणार. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी देवीला नारळ बोलला. तिसऱ्या दिवशी चार जणींनी मंगळवार धरले. मी देवळासमोरून जाताना देवीकडं बघायचं टाळायला लागलो. गल्लीशी खोटं बोललो ते बोललो, ही बाई तर सगळं बघत होती.

घरी मात्र फार शांत वाटायचं. मला वाटलं होतं, आता मस्त झोपू. पण स्पीकरवरून हाक नाही म्हणून मला जाग यायला लागली. मशीन बिघडलं की काय म्हणून मी उठून माईकला टिचकी मारली. टक्क. ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "रातच्याला काय वाजत हुतं?" मी म्हटलं, "टेस्टिंग."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू, शिंपी आणि पारावरचे एक आजोबा असे तिघं दारात आले. चेहरे गंभीर.

"उद्या आपुन सगळे भेटायला जायचं," काकूंनी जाहीर केलं. "एवढं मोठं ऑपरेशन आन गल्लीतलं कुणी गेलं न्हाई, बरं दिसतं का?"

"भेटू देत न्हाईत हो काकू. काचेच्या खोलीत ठेवलीय."

"मग काचेतून बघू."

"लई गर्दी चालत न्हाई."

"गर्दी कुठं? आपली गल्लीच तर हाय. तुझा टेम्पो हायच की."

आजारी माणसाला भेटायला जाणं ही आमच्याकडं अशी गोष्ट आहे, की तिला आजारी माणूससुद्धा नाही म्हणू शकत नाही. मी तर नुसता टेम्पोवाला. सकाळी टेम्पोत मंडपाची सतरंजी अंथरली आणि गल्ली चढली. भाकरी, ठेचा, पिठलं, राहात्याच्या पेरूंची पाटी, ग्लुकोजची बिस्किटं, देवीचा नारळ आणि अंगारा. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी काकू, मांडीवर नारळ. माझ्याच टेम्पोतून, माझ्याच हातानं, मी अख्खी गल्ली भरून एका नसलेल्या दवाखान्यात घेऊन निघालो होतो.

राहुरी मागं पडली. मी मनात वेगवेगळ्या थापा रचत होतो. ऑपरेशन पुढं ढकललं म्हणू? दवाखान्यात आज सुट्टी म्हणू? टेम्पोच बंद पाडावा असंही वाटलं, पण तो मेला त्या दिवशी असा पळत होता, की जन्मात तसा पळाला नव्हता. विळदच्या घाटात गाडी चढायला लागली तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बायकूचं एक मला आवडलं न्हाई हां. पोरीचं ऑपरेशन आन ही माहेरी? पण मी म्हटलं, घाबरली आसंल. म्हणून काल मी तिला फोन केला."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागं गल्ली एकमेकांच्या अंगावर पडली. शिंप्याचा आवाज आला, "आरं हळू! पिठलं सांडलं!"

"फोन?" मी म्हटलं. "कुठं फोन?"

"तिनंच मागं कवातरी पीपी नंबर दिलता की, मिरजगावच्या किराणा दुकानाचा. तिची आई आली फोनवर. म्हटलं, काळजी करू नका, मुंबईचा डॉक्टर हाय, आमी सगळी उद्या टेम्पोनं जातोय."

घाटात गाडी उभी. मागून ट्रक हॉर्न मारतायत. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. आठ दिवसांतली साडेतीन दिवसांची झोप झाली होती, आणि तिला उठवायला मी काकूंच्या तोंडून मुंबईचा डॉक्टर पाठवला होता.

"काकू," मी म्हणालो, "ऑपरेशन न्हाई."

"रद्द झालं?"

"न्हाई हो. नव्हतंच."

काकूंनी नारळ मांडीवरून उचलून शेजारी ठेवला. मला वाटलं आता तो डोक्यात बसणार. पण त्या म्हणाल्या, "पोरगी हाय ना?"

"हाय. चांगली हाय."

"मग चल. तिच्यापाशी ने. बाकीचं तिथं बोलू."

सिस्टरांच्या घराच्या फाटकातून टेम्पो आत गेला, तेव्हा व्हरांड्यात सगळी मुलं पाठीला उशा लावून कलत्या खुर्च्यांत बसली होती. माझ्या मुलीच्या केसांना कुणीतरी भरपूर तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. समोर सापशिडीचा पट होता, तिचे फासे एक सिस्टर टाकत होत्या, आणि ती त्यांना दटावत होती, "नीट हलवा, सिस्टर, तुमी मुद्दाम एकच पाडता." तिच्या शेजारी, पायात वहाणा तशाच, पदर एका खांद्यावरून ओघळलेला, माझी बायको बसली होती. ती पहाटेच्या गाडीनं आली होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मागून उतरणाऱ्या गल्लीकडं पाहिलं. पेरूंच्या पाटीकडं पाहिलं.

"आईनं मला पहाटं सांगितलं," ती म्हणाली. "रातच्याला फोन आला तवा म्हणे, मी झोपले हुते. ती म्हणाली, ऑपरेशन सकाळी हाय तर हिला रातचं उठवून काय करू? मी गाडीत सगळ्या देवांना हाका मारत आले. आन हितं येऊन बघते, तर ही सोंगट्या खेळतीय. मला म्हणती, आई, तू कशाला आलीस?"

"मग कशाला आलीस?" मुलगी पटावरून नजर न काढता म्हणाली. "माझी शिडी आलीय."

मग मला बोलावंच लागलं. व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून, माईक नसताना, मी सगळं सांगितलं. इतकं थोडक्यात मी जन्मात कधी बोललो नव्हतो. पोर टाकली असं लोक म्हणतील म्हणून मी ऑपरेशन म्हणालो, झालं.

पारावरचे आजोबा कपाळाला आठ्या घालून उभे होते. "मंजे," ते म्हणाले, "पोर दुसऱ्याच्या दारात ठिवली?"

हेच वाक्य, हेच. ते ऐकू येऊ नये म्हणून मी देवीलाही फसवलं होतं.

मोठ्या सिस्टर पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. आजोबांच्या हातात देत म्हणाल्या, "बाबा, तुमाला लेक हाय का?"

"हाय की. दोन हायेत."

"दिवाळीला येत्यात?"

"येत्यात."

"मग तवा काय म्हंता? जावयानं टाकली म्हंता?"

आजोबा पाणी प्याले. बराच वेळ लावून प्याले. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "मंजे माहेराला आल्यावानी."

"व्हय. चार दिस ऱ्हाईल, लाड करून घेईल, आन आपल्या घरी जाईल. तिची आई तिच्या आईकडं, ही आमच्याकडं. आमी काय औषध देत न्हाई. आमी फकस्त आईला म्हंतो, तू नीज, आमी जागतो."

आमच्या घरात पोरीसाठी माहेर हा शब्द कधी निघायचा नाही. जी पोर सासरी जाणार नाही, तिच्या बाबतीत माहेर कुठून काढायचं? पण सिस्टरांनी तो असा सहज पाण्याच्या तांब्याबरोबर दिला, आणि आजोबांनी पिऊन टाकला.

काकू मात्र माझ्याकडंच बघत होत्या. "तुला वाटलं, आमी नावं ठेवू?"

"वाटलं."

"आरं मुडद्या, तुझा त्यो स्पीकर! रोज रात्री आई कूस, आई कूस, आमच्या घरात ऐकू येतंय. पोरीची हाक ऐकू येती, मग हिच्या बांगड्या वाजतात, त्यापण ऐकू येतात. परत हाक, परत बांगड्या. तुझं घोरणंबी ऐकू येतंय! आख्ख्या गल्लीला माहीत हाय ही बाई झोपत न्हाई. मी तर देवीला म्हणत हुते, हिला चार रात्री झोप दे. आन तू आमाला मुंबईचा डॉक्टर सांगतो?"

शिंपी म्हणाला, "मला विमान आवडलं हुतं."

"ते मी न्हाई सांगितलं," मी म्हणालो.

"ते मीच घातलं," शिंपी म्हणाला. "पण सुरुवात तुमची."

बायको हसायला लागली. बसल्या-बसल्या हसत होती, आणि हसता हसता तिनं शेजारी येऊन बसलेल्या काकूंच्या मांडीवर डोकं टेकवलं. पुढच्या क्षणी ती झोपली होती. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गल्लीनं ठेचा-भाकरी खाल्ली तीही कुजबुजत. सिस्टरांच्या मुलांना पेरू कुस्करून भरवले गेले. बायका एकेक करून खुर्च्यांपाशी बसल्या, कुणी कुणाचे पाय चेपले. काकूंच्या मांडीला मुंग्या आल्या असणार, पण त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

मग मला हुकूम सुटला. "हिला माहेरी सोडून ये. राह्यलेले दिवस पुरे होऊ दे. आमी यष्टीनं जातो."

"टेम्पोनंच चला की," मी म्हटलं, "मी तुमाला आधी सोडतो."

"नको. तुझं ऐकण्यापरीस यष्टीत उभं राह्यलेलं बरं."

मिरजगावपर्यंत बायको टेम्पोच्या पुढच्या सीटवर झोपलेली होती. मी हॉर्न वाजवला नाही. एक बैलगाडी पुढं चालली होती, तिच्या मागं बराच वेळ तसाच हळूहळू गेलो. दारात पोचल्यावर तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. लिंबाखाली गाडी लावली आणि बसून राहिलो. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या, गाडीत डोकावल्या, एकच कप मला दिला आणि दुसरा स्वतः पायरीवर बसून पिऊन टाकला. मला शिव्या देण्यासाठी त्या तिला जाग येण्याची वाट बघत होत्या. तोवर संध्याकाळ झाली, त्यांचाच राग गार झाला.

आठव्या दिवशी मी मुलीला आणायला गेलो. काकू बरोबर आल्या. म्हणाल्या, लेक माहेराहून येती तर कुणीतरी बाईमाणूस पाहिजे. देवीचा नारळ त्यांनी सिस्टरांच्या हातात ठेवला. "ऑपरेशनसाठी बोलला हुता," त्या म्हणाल्या, "पण तुमालाच लागू हाय." सिस्टरांनी त्याची बर्फी करायची ठरवली आणि मुलीच्या मांडीवर घरच्या बिस्किटांचा डबा ठेवला. शिदोरी.

पण मला लगेच सोडलं नाही. "दादा, तुमी आत या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. खोलीत एक रिकामी खाट होती. तिच्यावर मला निजवलं. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, नुसतं पडून राहायचं. मी पडलो. थोड्या वेळानं खांद्याला रग लागली, मग कानाला, मग कंबरेला. नाकाला खाज सुटली. मी म्हटलं, "सिस्टर, झालं का?" त्या बाहेर कुणाशी तरी बोलत होत्या. पुन्हा हाक मारली. शेवटी त्या आल्या आणि दोन हातांनी मला असं वळवलं, की मी कधी वळलो ते कळलंच नाही. सगळ्या अंगाला सुख वाटलं. मग मुलीला आणून शेजारी निजवली आणि म्हणाल्या, "आता तुमी वळवा."

मी वाकलो, दोन्ही हात घातले आणि जोर लावला.

"दादा, मंडपाचा बांबू न्हाई त्यो," सिस्टर म्हणाल्या. "आधी खांदा. थांबा. आता कंबर. तिच्या श्वासासंगं."

चार-पाच वेळा केल्यावर मुलगीच म्हणाली, "आता जमतंय. पण हात गार हायेत."

तेव्हापासून एका आड एका रात्री "पप्पा, कूस" अशी हाक यायला लागली. मला जाग येत नाही ही थाप मग चाललीच नाही, कारण मी उठलो नाही की ती माईकवर जाहीर करायची, "पप्पा उठत न्हाईत," आणि काकू भिंतीवर मूठ आपटायच्या. ती होती तोवर आम्ही वर्षातून दोन-तीनदा सिस्टरांकडं जात राहिलो. ती तिकडं गेली की बायको मिरजगावला जायची, आणि गल्ली विचारायची, "माहेराला गेली का?" मायलेकींबद्दल एकच प्रश्न पुरायचा.

पण त्या पहिल्या खेपेची गोष्ट राहिली. आम्ही कोल्हारला पोचलो तेव्हा बायको आधीच येऊन घर झाडून बसली होती. गाल भरल्यासारखे दिसत होते. मी तिला इतकी वर्षं पाहत होतो, पण तिचे डोळे इतके मोठे आहेत हे मला माहीत नव्हतं. मी मुलीला खाटेवर निजवलं, खांदा आधी, कंबर मग. बायको बघत राहिली. तिनं फक्त पाठीची उशी बोटभर सरकवली, म्हणजे अगदीच बरोबर झालं नव्हतं.

मग मी मशीन लावलं आणि माईक मुलीच्या तोंडापाशी बांधला. खिडकीबाहेर गल्ली जमली होती. शिंपी गजाला धरून उभा, आजोबा पारावरून उठून आलेले. न्हावी दुकान सोडून आला होता, त्याला अजून कुणी खरं सांगितलं नव्हतं. त्यानं आत डोकं घालून मोठ्यानं विचारलं, "काय गं बाई, झालं का ऑपरेशन?"

तिनं माझ्याकडं एक नजर टाकली, आणि कोपऱ्यावरच्या पारापर्यंत ऐकू गेलं:

"न्हाई. ते पप्पांच्या तोंडाचं करायचं हुतं."